आयुर्मानाच्या आकड्यांवरून आरोग्यव्यवस्थांची तुलना : कामाच्या नोंदी, जून ते सप्टेंबर २०२४

९ जून २०२४, म्हापसा

काम कसे सुरू झाले ते आधी नोंदवते, कारण पुढच्या चुकांपैकी निम्म्या तिथूनच आल्या. धाकटे दीर गेली बारा वर्षे इंग्लंडात स्विंडनला राहतात, भाचा अमेरिकेत न्यू जर्सीला असतो आणि शेजारच्या घरातली मुलगी लिस्बनमध्ये नोकरी करते. मे महिन्याच्या सुटीत तिघेही गावी होते आणि एका संध्याकाळी चहावर वाद जुंपला. करांच्या पैशांतून चालणारी इंग्लंडची व्यवस्थाच सर्वांत न्याय्य, असे दिरांचे म्हणणे. नवी औषधे आणि नव्या शस्त्रक्रिया अमेरिकेतच आधी मिळतात, असे भाच्याचे. आणि पोर्तुगालमधली माणसे अमेरिकनांपेक्षा जास्त जगतात, एवढे एकच वाक्य बोलून शेजारच्या मुलीने दोघांनाही गप्प केले. मी पंचवीस वर्षे उच्च माध्यमिक विद्यालयात संख्याशास्त्र शिकवले असल्यामुळे निवाडा माझ्याकडे आला. "वहिनी, तुम्हीच आकडे काढून सांगा," असे दीर म्हणाले आणि एका रविवारात होईल, असे मी बोलून बसले.

आज तो रविवार. जागतिक बँकेची आयुर्मानाची फाईल उतरवून घेतली, देश उतरत्या क्रमाने लावले आणि सरासरी काढली. दुपारी लक्षात आले की फाईलमधल्या २६६ ओळी म्हणजे २६६ देश नव्हेत. देश आणि प्रदेश २१७ आहेत. बाकीच्या ओळी 'युरो क्षेत्र', 'अरब जगत', 'उच्च उत्पन्न गट' अशा गोळाबेरजेच्या आहेत. म्हणजे जर्मनी माझ्या सरासरीत एकदा स्वतःच्या नावाने आणि पुन्हा तीन-चार गटांच्या पोटात शिरून मोजला गेला होता. दिवस वाया गेला.

१६ जून

दुसरी चूक वर्षाची. ताजे आकडे चांगले, या समजुतीने मी २०२१ हे वर्ष घेतले होते. त्या वर्षी अमेरिकेचे आयुर्मान ७६.४ होते, तर २०१९मध्ये ते ७८.८ होते. जपानमध्ये मात्र या दोन वर्षांत घसरण जवळजवळ झालीच नाही. त्यामुळे दोन देशांतले अंतर २०१९च्या हिशेबाने साडेपाच वर्षांच्या आसपास येते आणि २०२१च्या हिशेबाने आठ वर्षांच्या. महासाथीच्या काळात कोण कसे वागले, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारण्याजोगा आहे, पण आमचा वाद त्याबद्दल नव्हता. म्हणून २०१९ हे वर्ष पक्के केले आणि ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले, म्हणजे पुढे निकाल आवडला नाही म्हणून वर्ष बदलण्याचा मोह होणार नाही.

याच वर्षांमुळे आणखी एक गोष्ट दिरांना फोनवर समजावून सांगावी लागली. जन्माच्या वेळचे आयुर्मान हे आज जन्मलेल्या बाळाचे भविष्य नव्हे. त्या एका वर्षात प्रत्येक वयाला जो मृत्युदर होता, तोच एखाद्याला जन्मभर लागू राहिला तर तो सरासरी किती जगेल, एवढेच ते सांगते. २०२१मध्ये अमेरिकेत जन्मलेली मुले ७६व्या वर्षी जाणार आहेत, असा त्याचा अर्थ मुळीच होत नाही.

२४ जून

सांजाव, गोव्यातला सेंट जॉनचा सण. बाहेर वाड्यावरची मुले विहिरीत उड्या मारत होती आणि आत मी फाईल उघडत होते. तयार आयुर्मान घेऊन काम भागणार नाही, कोणत्या वयात कोण मागे पडते ते पाहायला हवे, हे एव्हाना कळले होते. त्यासाठी ह्यूमन मॉर्टॅलिटी डेटाबेसमध्ये नाव नोंदवले. त्यासाठी पैसे पडत नाहीत. जर्मनीतील रोस्टॉकची मॅक्स प्लांक संस्था आणि अमेरिकेतील बर्कली विद्यापीठ यांनी उभा केलेला हा कोश सुमारे चाळीस देशांच्या जीवन सारण्या (प्रत्येक वयाला किती जण मरतात आणि किती उरतात याचे तक्ते) वर्षावार आणि वयवार देतो. भारत त्यात नाही आणि क्युबाही नाही. दोन्ही देश मला हवे होते, पण ज्यांची मृत्युनोंदणी कोशाच्या कसोटीला उतरते तेवढ्यांनाच कोशात जागा आहे. तुलना त्यांच्यापुरतीच ठेवायची, असे ठरवले आणि त्यातले वीस देश निवडले.

फाईलमधले शेवटचे वय '११०+' असे लिहिलेले असते. त्या एका अधिक चिन्हामुळे स्प्रेडशीटने वयाचा संपूर्ण स्तंभ मजकूर म्हणून वाचला आणि क्रम लावताना १० नंतर १०० आणि मग ११ आले. पुतणीने पाच मिनिटांत दुरुस्त केले. मी दोन तास बेरजा तपासत होते.

३ जुलै

मृत्यूची कारणे जागतिक आरोग्य संघटनेच्या मृत्युनोंदींतून घेतली. ती एकेका वयाची नसून वयोगटांची असतात : ० वर्ष, १-४, ५-९, १०-१४ आणि पुढे. हे गट टंकून झाले आणि एका देशाच्या बालमृत्यूंच्या जागी काहीच दिसेना. शोधता शोधता कळले की स्प्रेडशीटने '१-४' हा गट १ एप्रिल म्हणून, '५-९' हा ५ सप्टेंबर म्हणून आणि '१०-१४' हा ऑक्टोबर २०१४ म्हणून साठवला आहे. १५-१९पासून पुढचे गट मात्र शाबूत होते, कारण पंधरावा किंवा एकोणिसावा महिना नसतो. चूक नेमकी लहान मुलांच्या ओळींतच बसल्यामुळे मोठ्या बेरजा जवळपास बरोबर दिसत होत्या आणि म्हणूनच तीन दिवस ती सापडली नाही. हे काम करणाऱ्याने काहीही टंकण्याआधी तो स्तंभ मजकूर म्हणून ठरवून घ्यावा.

९ जुलै

जीवन सारणी स्वतः बांधली. निश्चय असा केला की कोणत्याही देशाचा प्रसिद्ध आकडा माझ्या सारणीतून निघाल्याशिवाय तुलनेला हात घालायचा नाही. जपानच्या स्त्रियांचे २०१९चे अधिकृत आयुर्मान ८७.४५ आहे. माझे उत्तर त्याहून जवळजवळ तीन वर्षांनी कमी आले.

पहिला संशय अर्भकांच्या ओळीवर गेला. पहिल्या वाढदिवसाआधी दगावलेली बालके सरासरी अर्धे वर्ष जगली, असे मी धरले होते. प्रगत देशांत अशी बहुतेक बालके पहिल्या आठवड्यातच जातात, म्हणून ही सरासरी अर्ध्या वर्षापेक्षा पुष्कळच कमी असते. त्यासाठीचे कोल आणि डेमनी यांचे सूत्र हुडकून लावण्यात दोन दिवस गेले. मग फरक मोजला. दर हजारी पाच अर्भकमृत्यू असलेल्या देशातही त्याने आयुर्मान एका दिवसापेक्षा कमी हलते. दोन दिवस खर्चून एक दिवसही मिळाला नाही.

खरी चूक सारणीच्या दुसऱ्या टोकाला होती. '८५ आणि पुढे' या उघड्या गटालाही मी इतरांसारखी पाच वर्षांची रुंदी दिली होती, म्हणजे नव्वदीनंतर कोणी जगतच नाही असे गृहीत धरले होते. जपानच्या त्या वर्षीच्या सारणीप्रमाणे निम्म्याहून जास्त स्त्रिया नव्वदी गाठतात. साहजिकच जपानचे नुकसान सर्वांत मोठे झाले आणि अमेरिकेचे त्यामानाने कमी, म्हणून दोघांतले अंतर आपोआप घटले. उघड्या गटासाठी उरलेले आयुष्य म्हणजे त्या गटाच्या मृत्युदराचा व्यस्त, हे मी वर्गात किती वेळा सांगितले असेल. दुरुस्तीनंतर वीसही देशांचे आकडे प्रसिद्ध आकड्यांच्या दशांशाच्या आसपास आले. या साऱ्यात महिना गेला आणि तुलनेला अजून सुरुवातही झाली नव्हती.

१८ जुलै

आता देशांवर व्यवस्थेची चिठ्ठी लावायची होती. पुस्तकी विभागणी सोपी आहे : एकीकडे १९४८मध्ये सुरू झालेल्या ब्रिटिश सेवेसारख्या करांवर चालणाऱ्या व्यवस्था आणि दुसरीकडे जर्मनीत १८८३मध्ये बिस्मार्कने घातलेल्या पायावरच्या, सक्तीच्या विम्यावर चालणाऱ्या. इंग्लंड, स्पेन, इटली आणि पोर्तुगाल पहिल्या गटात गेले. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि १९६१मध्ये सर्वांना विम्याखाली आणणारा जपान दुसऱ्या गटात. अमेरिका कोणत्याच गटात नीट बसत नाही, कारण ६५ वर्षांवरील लोकांसाठी तिथे १९६५च्या कायद्याने सरकारी विमा आहे, नोकरदारांसाठी खासगी विमा आहे आणि काहींसाठी काहीच नाही.

गटांच्या सरासऱ्या काढल्या आणि त्या पाहून मी बराच वेळ नुसती बसले. दोन्ही गट जवळजवळ सारखे. पण गटांच्या आत पाहावे तर पहिल्यात स्पेन ८४च्या आसपास आणि इंग्लंड ८१च्या थोडे वर. दुसऱ्यात जपान ८४च्या वर आणि जर्मनी ८१च्या थोडे वर. दोन चिठ्ठ्यांमधल्या अंतरापेक्षा एकाच चिठ्ठीखालचे अंतर कितीतरी मोठे आहे. आणि देश हे एकक तरी कुठे एकसंध आहे? २०१९मध्ये अमेरिकेतल्या हवाईचे आयुर्मान ८०.९ होते आणि मिसिसिपीचे ७४.४. आपल्याकडे केरळ आणि छत्तीसगड यांच्यात सुमारे दहा वर्षांचे अंतर आहे.

दिरांना हे कळवले. "म्हणजे आमची व्यवस्था चांगली की वाईट?" असे त्यांनी विचारले. भावोजी, या आकड्याला ते विचारताच येत नाही, असे मी उत्तर पाठवले. त्यांना ते पटले नाही.

२८ जुलै

दिवसभर मुसळधार पाऊस. वीज चार वेळा गेली. इन्व्हर्टरची बॅटरी बदलावी लागली. खर्चाची ही एकमेव मोठी बाब आणि ती संख्याशास्त्राच्या खात्यावर घालणे बरोबर नव्हे, पण काम तिच्यावाचून अडले होते.

पैशाचा आलेख काढला. आडव्या अक्षावर दरडोई आरोग्यखर्च, उभ्यावर आयुर्मान. अमेरिका त्या वर्षी राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे १७ टक्के भाग आरोग्यावर खर्च करत होती, जपान सुमारे ११ आणि पोर्तुगाल साडेनऊच्या आसपास. वीस ठिपक्यांतून रेषा काढली तर ती जवळजवळ आडवी; अमेरिकेचा एक ठिपका काढून टाकला की तीच रेषा चांगली वर चढते. एका ठिपक्यावर असा लोंबकळणारा निष्कर्ष वर्गात आला असता तर मी विद्यार्थ्याला वही परत केली असती. दोन्ही रेषा वहीत ठेवल्या आणि 'खर्च वाढवला की आयुष्य वाढते' किंवा 'वाढत नाही' यांपैकी काहीही लिहिले नाही.

४ ऑगस्ट

भाच्याचा आक्षेप आला. अमेरिकेत अगदी अपुऱ्या दिवसांचे बाळही जिवंत जन्म म्हणून नोंदले जाते, इतर देशांत तसे होत नाही, म्हणून अमेरिकेचा आकडा खाली दिसतो, असे तो म्हणतो. नोंदणीत असा फरक आहे, हे खरे. पण हिशेब सोपा आहे. २०१९मध्ये अमेरिकेत दर हजार जिवंत जन्मांमागे ५.६ अर्भके दगावली, जपानमध्ये १.९. हा सगळाच्या सगळा फरक नुसता नोंदणीचा मानला, तरी हजारामागे ३.७ बालकांची प्रत्येकी सुमारे ७९ वर्षे, म्हणजे दरडोई ०.२९ वर्ष. साडेतीन महिने. अंतर साडेपाच वर्षांचे आहे.

१५ ऑगस्ट

या कामातली सर्वांत मोठी चूक इथे नोंदवायची आहे.

भाच्याचा दुसरा आक्षेप जास्त वजनदार होता. बंदुका, मोटार अपघात आणि अमली पदार्थ यांनी मरणाऱ्या तरुणांचा दोष डॉक्टरांच्या माथी का मारायचा? म्हणून मी वीस देशांचे आयुर्मान, दरडोई उत्पन्न आणि अपघाती व हिंसक मृत्यूंचा दर घेऊन समाश्रयणाचे (रिग्रेशनचे) समीकरण बांधले, म्हणजे उत्पन्न आणि अपघात यांवरून आयुर्मानाचा अंदाज देणारे सूत्र. मग प्रत्येक देशाच्या अपघाती मृत्युदराच्या जागी वीस देशांची सरासरी घातली आणि समीकरणाने दिलेले उत्तर त्या देशाचे 'दुरुस्त आयुर्मान' म्हणून लिहिले. अमेरिका तळातून एकदम पहिल्या तिघांत आली. असाच निकाल २००६मध्ये रॉबर्ट ओस्फेल्ट आणि जॉन श्नायडर या अमेरिकन अभ्यासकांनी मांडला होता आणि अपघाती मृत्यू समान धरल्यावर त्यांच्या कोष्टकात अमेरिका अव्वल होती, हे मला ठाऊक होते. त्यामुळे माझा विश्वास दुणावला. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कोष्टक टाकले. भाच्याने फटाक्यांचे चित्र पाठवले.

दोन रात्रींनंतर पुतणीने विचारले, "काकू, हा क्रम आणि दरडोई उत्पन्नाचा क्रम अगदी एकच कसा?" मी पाहिले तर खरोखरच वीसच्या वीस देश उत्पन्नाच्या क्रमाने उभे होते. कारण उघड होते. अपघाती मृत्युदर सगळ्यांना सारखा दिल्यावर समीकरणात देशादेशांत वेगळे असे फक्त उत्पन्नच उरले. समीकरणाचे उत्तर आणि प्रत्यक्ष आयुर्मान यांतली शिल्लक मी फेकून दिली होती, आणि आरोग्यव्यवस्थेचा काही परिणाम असलाच तर तो त्या शिल्लकेतच होता. ज्याची तुलना करायची तेच गाळून उरलेल्याची तुलना मी केली. गटावर चुकीची कबुली दिली. फटाके काढून घेतले गेले नाहीत.

२५ ऑगस्ट

रीत बदलली. समीकरण सोडून जीवन सारणीतूनच अपघाती मृत्यू वजा केले. प्रत्येक वयोगटातल्या एकूण मृत्यूंपैकी अपघाती किती याचे प्रमाण घेऊन जगण्याची शक्यता त्या प्रमाणात वाढवायची आणि सारणी पुन्हा बांधायची. यात एक गृहीतक लपलेले आहे : अपघातातून वाचलेला माणूस पुढे इतरांसारख्याच दराने इतर आजारांनी जातो. अमली पदार्थांच्या बाबतीत ते फारसे खरे नसणार.

माझे आकडे पडताळायला २०१६मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास उपयोगी पडला. २०१२च्या आकड्यांवरून अमेरिका आणि बारा श्रीमंत देश यांच्यातले अंतर पुरुषांत २.२ वर्षे आणि स्त्रियांतही २.२ वर्षे निघाले होते. मोटार अपघात, बंदुका आणि अमली विषबाधा या तिन्हींनी मिळून पुरुषांतले १.०२ वर्ष आणि स्त्रियांतले ०.४२ वर्ष समजावले. म्हणजे भाच्याचे म्हणणे पुरुषांपुरते निम्मे खरे आहे आणि स्त्रियांपुरते एक पंचमांश. मी वेगळे वर्ष आणि वेगळे देश घेतले होते, अपघातांची व्याख्याही जास्त सैल होती. तरी चित्र त्याच बाजूचे आले.

स्त्रियांचा उरलेला भाग कुठे आहे, ते ६५व्या वर्षानंतरच्या ओळींत दिसते. २०१९मध्ये पासष्टीच्या जपानी स्त्रीला सरासरी २४.६ वर्षे उरली होती आणि अमेरिकन स्त्रीला २०.८. त्या वयात गोळीबाराने फार कोणी मरत नाही आणि त्या वयात सरकारी विमाही असतो. एका पिढीने तरुणपणी ओढलेल्या सिगारेटी इथे मोठा वाटा उचलतात. आजच्या मृत्युदरावर चाळीस वर्षांपूर्वीच्या सवयींची सही असते, आणि ती सही कोणत्याही देशाच्या आरोग्यखात्याची नसते.

५ सप्टेंबर

परवा चवथ. माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या छताच्या, सामानाची यादी आणि पोर्तुगालच्या ओळी एकाच टेबलावर आहेत, तेव्हा थोडक्यात लिहिते. पातळ्यांची तुलना सोडून एकाच देशातला बदल पाहिला. पोर्तुगालमध्ये १९७०मध्ये हजारी ५५हून अधिक अर्भके दगावत. आता तीनच्या आसपास. राष्ट्रीय आरोग्यसेवेचा कायदा १९७९चा. शेजारच्या मुलीला हा पुरावा पुरेसा वाटला. पण १९७९ उजाडेपर्यंतच तो दर निम्म्याहून खाली आला होता. सुरुवात आणि शेवट असे दोनच ठिपके जोडले तर सारे श्रेय कायद्याला जाते. मधली वर्षे भरली की ते विभागून द्यावे लागते.

२० सप्टेंबर

चवथीनंतर उरलेले काम हाती घेतले. वेळेवर उपचार मिळाले असते तर टळू शकले असते असे मृत्यू वेगळे मोजायची कल्पना १९७६मध्ये डेव्हिड रुटस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. एलेन नोल्टे आणि मार्टिन मॅकी यांनी २००८मध्ये तिच्या आधारे, ७५ वर्षांआधीचे असे मृत्यू मोजून, १९ श्रीमंत देश मांडले. आकडे २००२-०३चे, म्हणजे जुने, पण माझ्या प्रश्नाशी थेट संबंध असलेले इतर काहीही या चार महिन्यांत मला मिळाले नव्हते. दर लाख लोकांमागे असे मृत्यू फ्रान्समध्ये सुमारे ६५, जपानमध्ये ७१. इंग्लंडसह ब्रिटन १०३, पोर्तुगाल १०४, अमेरिका ११०. आयर्लंड धरून हे शेवटचे चार देश. आमच्या चहाच्या टेबलावर पहिल्या क्रमांकासाठी भांडणारे तिघेही तळाशी शेजारी शेजारी उभे होते.

हा निकष मी स्वतःही बांधून पाहिला आणि अर्धवट सोडला. कोणता मृत्यू 'टळण्याजोगा' याची यादी बदलली की क्रम बदलतो. हृदयविकाराचे सगळे मृत्यू मोजायचे की निम्मे, एवढ्या एका निर्णयाने मधले पाच-सहा देश वरखाली होतात. टोकाचे देश मात्र हलले नाहीत.

२९ सप्टेंबर

हिशेब : साधारण १४० तास, त्यांपैकी तुलनेचे पंचवीसही नाहीत, छपाई ३४० रुपये, बॅटरी वेगळी. तिघांना फोनवर सारे सांगितले. दीर म्हणाले की त्यांना गुडघ्यासाठी अकरा महिने थांबावे लागले, ते या कोष्टकात कुठे आहे? कुठेच नाही, गुडघ्याने माणूस मरत नाही, म्हणून आयुर्मान त्याची दखल घेत नाही.

आतेसासूबाई सगळे ऐकत होत्या. "आणि आपल्या गोंयचे किती?" असे त्यांनी विचारले. नमुना नोंदणी पद्धतीवरून भारताच्या जीवन सारण्या निघतात त्या मोठ्या राज्यांच्या. गोवा त्यांत नाही. २०११च्या जनगणनेत आपण १४,५८,५४५ होतो. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू होतो तिथे होते, आणि बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, सिंधुदुर्गातून आणि कारवारकडून रुग्ण येतात. म्हणून नुसती नोंदवहीतली बेरीज घेतली तर शेजारच्यांची मरणे आपल्या खात्यावर पडतील. राहण्याचा पत्ता आणि वय दोन्ही असलेले तक्ते मिळावेत म्हणून अर्ज लिहून ठेवला आहे; सोमवारी पणजीला जाऊन देईन.